कण्या ठेवायच्या

आभाळ आठवडाभर नुसतं भरून राहिलं होतं. पाऊस पडेना आणि ऊनही पडेना. अशा हवेत माणसाला आळस येतो आणि अळीला भूक लागते. सून सकाळी लसूणघास कापायला वाफ्यात बसली, पहिली मूठ धरून विळा ओढला, तर पात्यावर हिरवा चिकट रस आला. पाल्याचा रस असा नसतो. तिनं मूठ उघडून बघितली. पानांची चाळण झाली होती आणि दोन अळ्या तिच्या अंगठ्यावर गोळा होऊन पडल्या होत्या.

अळी करड्या-हिरव्या रंगाची, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत पट्टे. बोट लागलं की वेटोळं करून खाली पडायची आणि मेल्याचं सोंग घ्यायची. सुनेनं पुढचा वाफा बघितला, त्याच्या पुढचा बघितला. सगळीकडे तेच. तिनं तेवढाच भारा बांधला आणि घरी आली.

घरात माणसं तीन आणि गोठ्यात जनावरं तीन. माणसांत आबा, त्यांचा मुलगा आणि ही सून. मुलगा दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर होता, सकाळ-दुपार रस्त्यावर. जनावरांत एक म्हैस, तिची नुकती झालेली रेडी आणि एक भाकड गाय, जिला कोणी फुकटसुद्धा नेलं नसतं. मागच्या पावसात गंजीत पाणी शिरून वाळकी वैरण कुजली, तेव्हापासून सगळी भिस्त या लसूणघासावर होती. रोज एक वाफा कापायचा. शेवटच्या वाफ्यापर्यंत विळा पोचेतो पहिला पुन्हा गुडघ्याला लागायचा. असं ते रहाट फिरत होतं आणि त्या रहाटावर म्हशीचं दूध होतं.

म्हैस घरची, पण खरी सुनेची. तिची आई विताना मेली तेव्हा सुनेनं तिला बाटलीनं पाजलं होतं, थंडीत पोत्यानं पुसलं होतं. ती पाण्याच्या हौदावरून परत येताना सुनेच्या पाठीला डोकं लावून चालायची, ढकलत ढकलत. शेजारणी म्हणायच्या, "तुझी म्हैस तुला चालवते की तू तिला?" आता ती पहिल्यांदा व्याली होती आणि भांडं काठोकाठ भरत होती.

रात्रीच्या जेवणाला मुलगा म्हणाला, "सगळ्यांच्याच घासावर पडलीय अळी. विकत पण मिळायचा नाही पाला."

"मग?" सुनेनं विचारलं.

"मग काय. औषध मारावं लागेल. पण मारलं की तो घास जनावराला बरेच दिवस घालता येत नाही. आणि नाही मारलं तर अळी ठेवणार नाही."

"म्हणजे तिला घालायचं काय?"

त्यानं भाकरी मोडली. मग म्हणाला, "हिरवं तुटलं की म्हैस आटणार. आटलेल्या म्हशीला कोण विचारतं? दूध आहे तोवर व्यापाऱ्याच्या हातात दोर देऊ."

"आणि रेडी?"

"रेडी आईबरोबरच जाईल ना."

सुनेनं ताट उचललं आणि उठली. नवरा वाईट बोलत नव्हता, खरं बोलत होता, म्हणूनच तिला त्याचा राग आला.

आबांनी मात्र दुसऱ्याच दिवशी कंबर कसली. त्याला कारण होतं त्यांचा डोळा. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन डोळ्यात नवं भिंग बसलं होतं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण आबांच्या डोळ्याचे नऊ दिवस संपायलाच तयार नव्हते. सुनेनं निवडलेल्या तांदळातला खडा ते लांबून दाखवायचे. भिंतीवरची मुंगी कुठल्या पायानं लंगडते तेसुद्धा सांगायचे. त्याआधी दोन-तीन वर्षं गुडघे गेलेले, दिसत नाही, म्हणून ते उंबऱ्याजवळ बसून असायचे. येणारा-जाणारा त्यांना वळसा घालून जायचा, जसा पोत्याला घालतात.

ते काठी टेकत वाफ्यात गेले, खाली बसले, आणि तासाभरात ओरडले, "सूनबाई, ये इकडे! सापडलं!"

पानाच्या देठाशी पांढरा पुंजका होता. कापसाच्या बारीक धाग्यात तांदळाच्या कण्या गुंडाळून ठेवाव्यात तसा. बाजूलाच एक अळी मलूल पडली होती.

"अंडी," आबा म्हणाले. "घालून घालून दमली बघ बया. अळ्या मारून काय होतंय? मुळावर घाव घालायचा."

सुनेला ते पटलं. अळीच्या शेजारी पांढरं काही दिसलं तर दुसरं काय असणार? तिनं बादलीत साबणाचं पाणी करून दिलं. त्या दिवसापासून आबा सकाळी चहा झाला की बादली घेऊन वाफ्यात बसायचे आणि ढुंगणावर सरकत सरकत पुंजके शोधायचे. सापडला की पान खुडून बादलीत. दुपारी बादली सुनेला दाखवायचे. पाण्यावर पांढरा थर असायचा. गुडघ्यांना चिखल, नखांत हिरवं, आणि तोंडावर असं तेज की मुलगाही गाडीवरून आल्यावर आधी विचारायला लागला, "काय आबा, आज किती?"

चहाच्या टपरीवर तर त्यांची पत वाढली. लोक पानं घेऊन दाखवायला यायचे. "आबा, हे अंडं का?" आबा पान उजेडाला धरायचे. "अंडंच. बुडव." कोणीतरी त्यांना दुर्बीण म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. आबांनाही ते आवडलं. माणसानं आयुष्यभर राबावं आणि म्हातारपणी भिंगामुळे नाव व्हावं, हेही नशीबच.

एक गोष्ट फक्त जुळत नव्हती. अळी कमी होत नव्हती. घराजवळचे वाफे, जिथं आबा रोज बसत, तिथं आता नुसत्या काड्या उरल्या होत्या. लांबचे, विहिरीकडचे वाफे त्या मानानं बरे होते.

"तिकडं अजून पोचली नाही अळी," आबा म्हणाले. "गुडघे साथ देत नाहीत, नाहीतर तिकडचीही अंडी आत्ताच साफ केली असती. उद्या-परवा जातो."

मुलानं मग वाट बघितली नाही. फवारणीच्या पंपवाल्याला सांगून ठेवलं आणि व्यापाऱ्यालाही निरोप धाडला. औषध आणायचं काम सुनेकडे आलं. "अळी दाखव, म्हणजे योग्य ते देईल," तो म्हणाला. तिनं आधीच एका बरणीत दोन अळ्या आणि पुंजका असलेलं एक पान घालून, तोंडाला फडकं बांधून ठेवलं होतं. पण औषधाचा दुकानदार गावाला गेला होता, म्हणून बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत मिठाच्या डब्याशेजारी पडून राहिली. तो परत आल्याचं कळलं त्या दिवशी तिनं बरणी उचलली, तर आत चिलटं झाली होती. नासलं वाटतं, असं म्हणत ती तशीच घेऊन गेली.

औषधवाला जाडा, आळशी आणि बोलका माणूस होता. काडीनं कान कोरत त्यानं बरणी उजेडात फिरवली. मग काडी खाली ठेवली.

"वहिनी, हे काय म्हणून भरलंत?"

"अळी. आणि तिची अंडी."

"अंड्यातून अळी निघायला पाहिजे. हे काय निघालंय ते बघा."

तिनं बघितलं. चिलटं नव्हतीच ती. मुंगीएवढ्या काळ्या माश्या, कंबर बारीक, पुढं दोन लांब मिशा. पांढऱ्या कण्यांना एकेक टोक उघडलेलं होतं, झाकण काढल्यासारखं. शेजारच्या दोन्ही अळ्या सुकून चामडं झाल्या होत्या. पानाला त्यांनी तोंडही लावलं नव्हतं.

"ही माशी अळीच्या पोटात अंडी घालते," तो म्हणाला. "पिल्लं आतून अळीला खातात, मग बाहेर येऊन हे कोष विणतात. म्हणजे ही अळीची अंडी नव्हेत, अळीचे काळ आहेत. खरी अंडी पानाखाली असतात, खसखशीएवढी, वर भुरकट लव. ती खुडा. ह्या कण्या ठेवायच्या."

सुनेनं बरणी जवळ ओढली. "आणि खुडल्या असतील तर?"

"तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिली." तो हसला आणि तिचं तोंड बघून थांबला. "असं करा. औषध द्यायला मी बसलोच आहे, उद्या नेलं तरी चालेल. आधी जाऊन अळ्या मोडून बघा. नखानं. आत पांढऱ्या कण्या वळवळताना दिसल्या तर ती अळी मेलीच म्हणायची. निम्म्याहून जास्त तशा असतील तर फवारू नका, फवारलं तर माशी आधी मरेल. खाल्लेले वाफे बुडापासून कापून टाका, ऊन लागू द्या, कोंबड्या सोडा. बरे असलेले वाफे एकदम कापू नका. एक पट्टा माश्यांना राहू दे."

ती घरी न जाता सरळ शेतात गेली. आधी विहिरीकडच्या वाफ्यात बसली. पहिली अळी दोन नखांत धरून मोडली. हिरवा चिखल बोटांवर आला आणि त्यात बारीक पांढरं काहीतरी हललं. दुसरी मोडली. त्यातही तेच. तिसरी रिकामी, चौथीत पुन्हा कण्या. बोटं बरबटली, वास येऊ लागला, तरी ती मोडत राहिली. मग ती घराजवळच्या वाफ्यात आली, जिथं आबांच्या बसण्यानं माती गुळगुळीत झाली होती. तिथल्या अळ्या टरटरीत होत्या. एकेक करून किती मोडल्या, एकीतही कणी निघाली नाही.

तिला तिथंच रडू आलं. म्हशीसाठी आलं की आबांसाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला गोठ्यात गाठून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

"खरं असेल तर आबांना सांगायला पाहिजे."

"तुम्ही सांगा. तुमचे वडील आहेत."

"तुझं ऐकतात ते. तू सांग."

"मी? मीच तर साबणाचं पाणी करून दिलं रोज."

शेवटी कोणीच सांगितलं नाही. सकाळी आबांनी सवयीनं बादली मागितली. सून म्हणाली, "आज राहू द्या, आबा. गुडघे सुजलेत तुमचे."

"गुडघे काय आज सुजलेत? दे बादली."

"मी करते ना."

"तुला दिसतंय का?" आबा चिडले. "घरात नव्या डोळ्याचा माणूस कोण आहे? का मी पुन्हा उंबऱ्यात बसू?"

सुनेनं हात पदराला पुसले. ती आत गेली, खिडकीतली बरणी आणली आणि त्यांच्या हातात दिली. "बघा. तुम्हालाच दिसेल."

आबांनी बरणी उजेडाला धरली. बराच वेळ धरली. आत एक काळी माशी काचेवर चालत होती, मिशा हलवत. खाली कण्या उघड्या पडल्या होत्या आणि अळ्यांची चामडी. सून हळू आवाजात औषधवाल्यानं सांगितलेलं सांगत गेली. विहिरीकडच्या अळ्यांत काय निघालं आणि इकडच्यांत काय निघालं नाही, तेही सांगितलं. आबांनी बरणी फिरवून दुसऱ्या बाजूनं बघितली.

"म्हणून तिकडचे वाफे हिरवे," ते शेवटी म्हणाले. "माझा हात पोचला नाही तिकडं."

"आबा, मला पण अंडीच वाटली होती."

"तुला वाटली. खुडली मी." त्यांनी बरणी जपून खाली ठेवली. "डोळा चांगला झाला गं. अक्कल तीच राहिली."

तेवढ्यात पंपवाला आला; त्याला नको म्हणून कळवायचं राहूनच गेलं होतं. पाठीला अजून कोरडी टाकी, तोंडाला फडकं, बरोबर टपरीवरची दोन रिकामी माणसं. आबा काठी टेकत उठले, अंगण ओलांडून बांधावर गेले आणि काठी आडवी धरून उभे राहिले.

"मारायचं नाही."

"मुलानं सांगितलंय, आबा."

"मी नको म्हणतोय. शेत अजून माझंच आहे."

"काय झालं, दुर्बीण?" एकानं विचारलं. "अंडी संपली का?"

आबांनी त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती. गुडघे दुखतात, औषध महाग आहे, काहीही. सुनेला वाटलं, तेच बोलावं त्यांनी, तिला चाललं असतं.

"अंडी नव्हतीच ती," आबा मोठ्यानं म्हणाले. "अळीला खाणारी माशी होती त्यात. मी मारली. माझ्या हातानं बादल्या भरून मारली. आणि तुम्हालाही मारायला लावली. घरी जा आणि बायकांना सांगा, पांढऱ्या कण्या खुडू नका. दुर्बिणीनं चूक सांगितली म्हणून सांगा."

पंपवाल्यानं फडकं खाली ओढलं आणि तो माघारी फिरला. बरोबरची दोघं एकमेकांकडे बघून हसली आणि हसत हसतच गेली. आबांचे कान लाल झाले होते. ते आत आले, पाणी प्यायले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मुलगा गाडीवरून आला तेव्हा आबा तसेच पडून होते. त्यानं बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "मला पण तिला विकायची हौस नाही. पण व्यापाऱ्याला शब्द दिलाय. तो या बाजाराला येणार होता, मी त्याला पुढच्यापर्यंत थांबवतो. तोपर्यंत कापलेल्या वाफ्यांना कोवळा फुटवा येईल. त्यावरच्या अळीत कण्या निघाल्या तर म्हैस राहील. नाही निघाल्या तर मग हट्ट करायचा नाही."

"कबूल," सून म्हणाली.

मग कामाचे दिवस गेले. सुनेनं घराजवळचे वाफे बुडापासून कापले, काड्या ओढून उन्हात पसरल्या. आभाळही एकदाचं उघडलं. शेजारणीच्या कोंबड्या मागून आणून वाफ्यात सोडल्या. त्या इतकं खायच्या की संध्याकाळी चालताना डुलायच्या. म्हशीला मात्र पोटभर देता येत नव्हतं. विहिरीकडचा पाला राखून राखून, त्यात बांधावरचं गवत, ओढ्याकाठच्या झाडांचा पाला मिसळून सून तिला घालायची. डोक्यावर भारे वाहून मान आखडली, विळा धरून तळहाताला फोड आले. भांड्यातलं दूध रोज थोडं खाली जात होतं. म्हैस रिकाम्या गव्हाणीत तोंड घालून फुंकर मारायची आणि सुनेकडे बघायची. सून दुसरीकडे बघायची.

आबा एक दिवस पडून राहिले. दुसऱ्या दिवशी सून शेतात गेली तर ते तिच्याआधी तिथं. विहिरीकडच्या वाफ्यात, ज्या वाफ्यापर्यंत गुडघे नेत नव्हते तिथं, बसून सरकत होते. बादली नव्हती. टोपी उलटी करून मांडीवर ठेवली होती आणि तीत कण्या लागलेली पानं होती.

"आबा, हे काय?"

"नेतो तिकडं," ते घराजवळच्या वाफ्यांकडे बोट दाखवत म्हणाले. "तिथलं मी मारलं, तर तिथं मीच नेऊन ठेवायला पाहिजे ना? थोडीच नेतो. निम्म्याहून जास्त इथंच राहू देतो."

ते टोपी छातीशी धरून चालायचे, दूध सांडू नये म्हणून माणूस अंगणातून चालतो तसे. कापलेल्या वाफ्यात फुटव्याच्या सावलीला एकेक पान ठेवायचे, वर काडी आडवी लावायचे. कोंबड्या जवळ आल्या की काठी आपटायचे. पानाखाली खसखस दिसली तर मात्र खुडून चिरडायचे, नीट दोनदा बघून. टपरीवर ते जात नव्हते. रस्त्यावरून कोणी हाक मारायचं, "दुर्बीण, आज काय पेरताय?" ते मान वर करायचे नाहीत. सुनेला त्या लोकांचा संताप यायचा. एकदा तिनं ओरडून सांगितलं, "तुमच्या घासाचं बघा आधी!" त्यावर आबाच म्हणाले, "हसू दे गं. हसण्यासारखंच आहे."

बाजाराचा दिवस आला. फुटवा वीतभर झाला होता, आणि त्यावर अळ्याही होत्याच, बारीक, नव्या. सकाळी सून धार काढत होती तेव्हा व्यापारी अंगणात येऊन उभा राहिला. बरोबर दोर आणि बाहेर टेम्पो. त्यानं म्हशीचे दात बघितले, कासेला हात लावला. म्हशीनं पाय झाडला.

"दूध उतरलंय," तो म्हणाला.

"पाला कमी पडला," मुलगा म्हणाला. "जरा थांबा. आमचं एक बघायचं राहिलंय."

सून दुधाचं भांडं ठेवून वाफ्याकडे निघाली, पण आबा तिथं आधीच बसले होते. ती अंगणाच्या कडेलाच थांबली. आबांनी एक अळी मोडली, डोळ्याजवळ नेली, हात पुसला. दुसरी मोडली. हात पुसला. तिसरी. मागं व्यापारी दोराची गाठ सोडत होता. मुलगा आबांच्या पाठीकडे बघत होता.

चौथ्या अळीला आबा थांबले. बोट उन्हात धरलं, भिंगाच्या डोळ्यासमोर. मग बाजूची अजून एक मोडली, घाईघाईनं. अजून एक.

"कण्या आहेत गं!" ते ओरडले. "सूनबाई, कण्या आहेत! हीतही आहेत!"

त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. टपरीवरच्या माणसांनी माना वळवल्या. आबा उठायला गेले, गुडघ्यानं साथ दिली नाही, पुन्हा खाली बसले, आणि बरबटलेला हात वर करून तसेच बसून राहिले.

मुलानं व्यापाऱ्याच्या हातातला दोर घेतला आणि परत त्याच्याच खांद्यावर ठेवला. "चहा घेऊन जा," तो म्हणाला.

"आणि म्हैस?"

"म्हैस आमची आहे."

सून वाफ्यात पोचली तेव्हा आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नव्या आणि जुन्या, दोन्ही. "डॉक्टरांनी सांगितलंय, डोळ्याला घाणेरडा हात लावायचा नाही," ते म्हणाले. "तू पूस."

तिनं पदरानं पुसलं.